रोजंदारीचा कामगार पडला, तर सोसायटीचे काय?

गच्चीवरची टाकी धुणारा किंवा बाहेरून रंग देणारा माणूस पडला, की ‘तो आमचा नोकर नव्हे, रोजावर आला होता’ असे कमिटी सांगते. ही ढाल तोकडी आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात नैमित्तिक कामगाराला वगळणारी अट होती. ती २००० मध्ये काढण्यात आली. बहुमजली इमारतीची देखभाल-दुरुस्ती या कायद्याच्या परिशिष्टात आहे. भरपाईच्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहेत.

मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामाच्या ओघात अपघात झाला, एवढे पुरते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात.

मैलाटाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

काम शक्यतो लेखी करार करून ठेकेदाराला द्यावे, त्याची कामगार भरपाई पॉलिसी आधी पाहावी. थेट रोजावर माणूस घ्यायचा असेल, तर पॉलिसी सोसायटीने काढावी. सेफ्टी बेल्टशिवाय कोणाला उंचावर चढू देऊ नये.