27 फेब्रुवारीचे सहा जण

पुलवामाचं नाव निघालं की बुलढाणा जिल्ह्याला दोन गावं आठवतात. लोणार तालुक्यातलं चोरपांग्रा आणि दुसरं मलकापूर. 14 फेब्रुवारी 2019 रोजी जम्मू-श्रीनगर महामार्गावर केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि 40 जवान हुतात्मा झाले. महाराष्ट्राचे दोघं होते, चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. दुसऱ्या दिवशी बडगामच्या तळावर सगळ्या शवपेट्यांना मानवंदना दिली गेली आणि मग विमानानं त्यांचा घराकडचा प्रवास सुरू झाला.

त्याच बडगामात बारा दिवसांनी महाराष्ट्रानं आणखी एक मुलगा गमावला. त्याचं नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतलं जातं. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे.

निनाद भोसला मिलिटरी स्कूलचे विद्यार्थी. पुढे ते औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत शिकले. एनडीएचं स्वप्न पाहणारी आपल्याकडची मुलं दहावीनंतर जिथं प्रवेशासाठी धडपडतात, तीच ही संस्था. हवाई दलात ते हेलिकॉप्टरचे वैमानिक झाले. 2019 च्या फेब्रुवारीत ते श्रीनगरच्या 154 हेलिकॉप्टर युनिटमध्ये होते.

त्यांचं हेलिकॉप्टर एमआय-17 व्ही-5. रशियन बनावटीचं, भरल्या वजनानिशी 13 टनांपर्यंतचं, तीसेक सैनिक किंवा चार टन सामान वाहून नेणारं. चौकीवर रसद पोचवायची, जखमी जवान खाली आणायचा, पुरात अडकलेल्यांना उचलायचं, ही त्याची रोजची कामं. काश्मीरमध्ये या वाहतुकीला किती मोल आहे, हे पुलवामानंच दाखवून दिलं होतं. बर्फामुळे महामार्ग बंद राहिला, माणसं खोळंबली आणि रस्ता खुला होताच 78 गाड्यांचा एकच लांबलचक ताफा निघाला. हल्ल्यानंतर आठवडाभरातच केंद्रानं निमलष्करी दलांच्या जवानांना श्रीनगरला ये-जा करण्यासाठी विमानप्रवासाची मुभा दिली. तरीही लढाऊ वैमानिकांच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात आणि वाहतुकीच्या वैमानिकांच्या वाट्याला बातमीतली एखादी ओळ येते. मला हा अन्याय वाटतो.

पुलवामाला उत्तर म्हणून 26 फेब्रुवारीच्या पहाटे आपल्या विमानांनी पाकिस्तानातल्या बालाकोटवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमानं नियंत्रण रेषेकडे झेपावली. नौशेराच्या बाजूला हवाई चकमक पेटली, आपले लढाऊ वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचं विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. त्याच सुमारास, दहाच्या आसपास, श्रीनगरहून उडालेलं निनाद यांचं हेलिकॉप्टर बडगामजवळ गरेंद कलान इथं शेतात कोसळलं. आतले सहाही जण गेले. खाली जमिनीवरचा एक तरुणही गेला.

सुरुवातीला अपघाताचीच चर्चा होती. खरं कारण चौकशीतून बाहेर आलं. हेलिकॉप्टर आपल्याच हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं होतं. लष्करी विमानात शत्रू-मित्र ओळखणारं एक उपकरण असतं. जमिनीवरून संकेत आला की ते ठरलेलं उत्तर पाठवतं आणि हे विमान आपलं, अशी खूण पटते. त्या सकाळी आकाशात शत्रूची विमानं होती, तळावर ताण होता आणि ती खूण पटली नाही. क्षेपणास्त्र सुटलं की ते लक्ष्य गाठायला काही सेकंद पुरतात. ऑक्टोबर 2019 मध्ये हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याची जाहीर कबुली दिली. पुढे संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

ही कबुली आवश्यकच होती. आपल्याच क्षेपणास्त्रानं गेला म्हणून कोणाचं हौतात्म्य उणं होत नाही. पण मृत्यूचं कारण लपवून वाहिलेली श्रद्धांजली घरच्यांना काय कामाची? दोन्ही वैमानिकांना, निनाद आणि त्यांचे सहकारी सिद्धार्थ वशिष्ठ यांना, 2020 मध्ये मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं.

निनाद यांच्यावर 1 मार्चला नाशिकमध्ये लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. वय अवघं तेहेतीस. मागे आईवडील, पत्नी आणि दोन वर्षांची लेक. शहर मोठ्या संख्येनं लोटलं होतं. त्याच रात्री अभिनंदन वाघा सीमेवरून परतले. दिवसभर साऱ्या देशाचे डोळे टीव्हीवर त्या फाटकाकडे लागले होते. सुटकेचा आनंद रास्तच होता. पण त्या आनंदात बडगामचे सहा जण झाकोळून गेले, ते आजतागायत.

आपल्या जिल्ह्यातल्या ज्या शाळा 14 फेब्रुवारीला राठोड आणि राजपूत यांना अभिवादन करतात, त्यांना एक विनंती. तेरा दिवसांनी येणारी 27 तारीखही फळ्यावर लिहा आणि ही सहा नावं मुलांना वाचून दाखवा: निनाद मांडवगणे, सिद्धार्थ वशिष्ठ, विशालकुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार. ते हेलिकॉप्टर कसं पडलं, तेही मुलांना सांगा. त्यांतली काही उद्या त्याच संभाजीनगरच्या संस्थेत जातील, मुलींसाठी तर 2023 पासून नाशिकलाही तशी संस्था सुरू झाली आहे. वाहतुकीचं हेलिकॉप्टर चालवणं हे दुय्यम काम नाही, हे त्यांना तिथं जाण्याआधीच कळलेलं असावं.