नाव आणि ठिकाण

शिरूर म्हटले की घोडनदीकाठचे आपले गाव डोळ्यांपुढे येते. पण बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. नुसते ‘शिरूर’ लिहिलेले पाकीट टपालखात्याने कोठे न्यावे? असे घोटाळे टळावेत म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. आपल्या शिरूरला ४१२२१० हा क्रमांक मिळाला, दौंडला ४१३८०१. नाव माणसाच्या सोयीचे, आकडा वाटपाच्या सोयीचा. संगणकांच्या जगातही हीच रीत आहे. आणि ती बिघडली म्हणजे निरपराध माणसावर कसा ठपका येतो, हे आज सांगावयाचे आहे.

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. आरंभी नावे व पत्ते यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवीत आणि सर्वजण तिची नक्कल घेत. संगणक वाढले, यादी पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही माहिती ठिकठिकाणी विभागून ठेवण्याची योजना मांडली, तीच डीएनएस. आपला संगणक जवळच्या डीएनएस सर्व्हरला नाव विचारतो. तो पत्ता सांगतो, किंवा ‘असे नाव नाही’ म्हणतो. हा नकारही पत्त्याइतकाच मोलाचा आहे.

आम्ही काही मित्रांनी दूधसंकलनाच्या हिशेबाचा एक प्रोग्राम तयार केला. मुख्य संगणक सापडला नाही तर शेतकऱ्याच्या दुधाची नोंद केंद्रावरच जपून ठेवावी, असा त्यात नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम अस्तित्वात नसलेले नाव देऊन चाचणी घेत असू. शिरूरला चाचणी दर वेळी उत्तीर्ण होई. दौंडला दर वेळी नापास. प्रोग्राम एकच, तेव्हा दौंडच्या सहकाऱ्याच्या हातून काही बिघडले असावे, असे आम्ही ठरवून टाकले. दोन दिवस त्या बिचाऱ्याने स्वतःच्याच कामात चुका शोधल्या.

अखेर प्रोग्राम बाजूला ठेवून आम्ही दोन्ही गावी ‘एनएसलूकअप’ या साधनाने तेच नाव विचारले. शिरूरला उत्तर आले, ‘असे नाव नाही.’ दौंडला चक्क एक पत्ता आला! तेथील इंटरनेट पुरवणाऱ्याचा सर्व्हर न सापडणाऱ्या प्रत्येक नावाला स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता देत होता. ही युक्ती नवी नव्हे. १५ सप्टेंबर २००३ रोजी व्हेरिसाइन कंपनीने ‘डॉट कॉम’ व ‘डॉट नेट’ यांतील नोंद नसलेल्या सर्व नावांबाबत हेच केले होते. जगभर ओरड झाल्यावर ४ ऑक्टोबरला ते थांबवावे लागले.

अशा वेळी शोधाचा क्रम असा ठेवावा. प्रथम प्रोग्राम सोडून नुसते नाव विचारावे. मग तेच नाव दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारून उत्तरे ताडून पाहावीत. संगणकाच्या स्वतःच्या ‘होस्ट्स’ फाइलीत कोणी जुना पत्ता लिहून ठेवला आहे काय, हे पाहावे. संगणक आधीची उत्तरे काही काळ लक्षात ठेवतो, तीही पुसून पाहावीत. एवढे झाल्यावरच प्रोग्रामला, आणि सर्वांत शेवटी माणसाला, दोष द्यावा.

आम्ही चाचणीपुरते नावाचे उत्तर आपल्याच संगणकातून देण्याची सोय केली. मग गावागावांतील फरक उरला नाही. परंतु तेवढ्यावर थांबलो असतो तर मोठी चूक झाली असती. कारण आमचा प्रोग्राम जाहिरातीच्या पानालाच मुख्य संगणक समजून नोंद तिकडे पाठवीत होता व आपल्याजवळची पुसून टाकीत होता. प्रत्यक्ष कामकाजात हे घडते, तर शेतकऱ्याचे दूध हिशेबातून नाहीसे झाले असते. आता मुख्य संगणकाने स्वतःची ओळख पटवून पोचपावती दिल्यावाचून नोंद पुसली जात नाही.

दौंडच्या ज्या चाचणीला आम्ही दोष देत होतो, तिनेच ही उणीव दाखवली. त्या सहकाऱ्याची आम्ही क्षमा मागितली.