मत्स्यालयातील दगडी प्रवाळांची ओळख

दगडी प्रवाळ हे स्क्लेरॅक्टिनिया या गणातील सागरी प्राणी असून ते कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण सांगाडा तयार करतात. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयांत त्यांच्या रंगीत वसाहती पाळल्या जातात. विकत घेताना त्यांची निवड बहुधा रंगावरून होते. मात्र प्रवाळ ओळखण्याच्या कामी रंग हे फारसे भरवशाचे लक्षण नाही.

== रंग ==

प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांमुळे त्याला तपकिरी छटा येते. हिरवा, गुलाबी, जांभळा किंवा निळा रंग मुख्यतः प्राण्याने स्वतः तयार केलेल्या प्रथिनांचा असतो. त्यांपैकी काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा वा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे निळ्या एलईडी दिव्यांखाली झगमगणारा तुकडा पांढऱ्या उजेडात अगदी साधा दिसू शकतो. प्रकाश कमी पडल्यास तीच वसाहत तपकिरी होते. याउलट पाणी तापून शैवाले निघून गेल्यावर काही प्रवाळ पांढरे पडण्याऐवजी भडक गुलाबी, जांभळे किंवा पिवळे होतात. म्हणजे दुर्मिळ म्हणून चढ्या दराने घेतलेला तुकडा प्रत्यक्षात आजारी असू शकतो.

== सांगाडा आणि पॉलिप ==

प्रत्येक पॉलिप सांगाड्यातील एका वाटीत बसलेला असतो. या वाट्यांचा आकार, मांडणी आणि त्यांतील उभे पडदे पाहून प्रजात ठरवता येते. अॅक्रोपोरामध्ये फांदीच्या टोकाला एक ठळक वाटी असते व बाजूंना इतर लहान वाट्या असतात. माँटिपोरामध्ये अशी टोकाची वाटी नसते. बारीक वाट्यांच्या मधल्या भागात अनेकदा उंचवटे असतात. पॅव्होनामध्ये वाट्यांना स्पष्ट भिंतीच नसतात आणि पडदे एका वाटीतून दुसरीत सलग जातात. पंपाचा प्रवाह काही वेळ थांबवून, पांढऱ्या उजेडात जवळून छायाचित्र घेतल्यास ही लक्षणे बरीच स्पष्ट होतात.

हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. ‘हॅमर’ आणि ‘फ्रॉगस्पॉन’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या प्रवाळांचे सांगाडे जवळजवळ सारखे असतात. तेथे संस्पर्शकांची टोकेच पाहावी लागतात. हॅमरची टोके हातोडीसारखी किंवा नांगरासारखी, तर फ्रॉगस्पॉनची फाटे फुटून गोळे आल्यासारखी असतात.

== नावे ==

छंदिष्टांमध्ये रूढ असलेले ‘एसपीएस’ (लहान पॉलिप) आणि ‘एलपीएस’ (मोठे पॉलिप) हे गट शास्त्रीय नाहीत. शास्त्रीय नावेही बदलतात. हॅमर व फ्रॉगस्पॉन पूर्वी युफिलिया प्रजातीत गणले जात. २०१७ मध्ये त्यांना फिम्ब्रिॲफिलियात हलवण्यात आले. अॅक्रोपोराच्या बाबतीत केवळ छायाचित्रावरून जात निश्चित करणे बहुधा शक्य नसते. अशा वेळी प्रजातीच्या नावावर थांबणे योग्य ठरते.

== कायदा ==

सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव व्यापारविषयक साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवाना लागतो. भारतात २००१ मध्ये त्यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात किंवा मालवणच्या समुद्रातून प्रवाळ काढणे व विकणे हा गुन्हा आहे. मेलेला सांगाडाही त्यास अपवाद नाही. परदेशांत मात्र मत्स्यालयातच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे, म्हणजे ‘फ्रॅग’, मोठ्या प्रमाणावर विकले जातात.