पडद्यावरील पान

मोबाइलच्या अ‍ॅपमध्यें पुस्तकाचें पान कसें उमटतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. १९९३ सालीं अ‍ॅडोबी कंपनीनें काढलेल्या पीडीएफ या प्रकारांत शब्द, त्यांच्या जागा व बहुधा अक्षरांचे टंकही एकाच फाइलींत साठवितात. टंक असे बरोबर असले म्हणजे आपलीं जोडाक्षरें परक्या यंत्रावरही मोडत नाहींत. अँड्रॉइडच्या ५.० या आवृत्तींत (२०१४) अ‍ॅप रचणारांस पीडीएफ-रेंडरर हें साधन मिळालें. तें एका वेळीं एकच पान उघडतें व त्याचें ठिपक्यांचें चित्र काढून देतें.

डोळसांस एवढें पुरे. परंतु आमच्या अंध बंधुभगिनींचें काय? पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचणाऱ्या टॉकबॅकला निव्वळ चित्रांतील शब्द नीट सांपडतीलच असें नाहीं. पानांतील शब्द काढून देण्याची सोय या साधनांत अँड्रॉइड १५ बरोबर (२०२४) आली खरी. पण अ‍ॅप रचणारानें ती योजिली तरच तिचा उपयोग. आम्हां विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां अशीं अ‍ॅपें रचतील, त्यांनीं पान दाखवून थांबूं नये; तें ऐकण्याचीही सोय करावी, इतकीच आमची विनंती आहे.