लुगड्यापासून दुपट्यापर्यंत : करडीच्या गोधडीची पन्नास वर्षं

करडीत कुणी गोधडी विकत आणल्याचं मी लहानपणी ऐकलं नाही, आणि कुणी विकल्याचंही नाही. मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं हे माझं माहेर. कोक्याचं जंगल जवळ. गावात धान विकलं जायचं, मोहफूल विकलं जायचं, बाया वळलेल्या विड्या मोजून कारखान्याला द्यायच्या. गोधडी मात्र द्यायची वस्तू होती. लेकीला, बाळंतिणीला, शिकायला बाहेरगावी निघालेल्या पोराला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला. गेल्या पन्नास वर्षांत या देण्याघेण्याचं काय झालं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं बरेच दिवस मनात होतं. ज्यांच्या शेजारी बसून मी टाका शिकले, त्या पिढीतल्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत.

सुरुवात लुगड्यापासून करायला हवी. 1970 च्या आसपास आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या बाया नऊवारी नेसत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. जुन्या लुगड्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या थोडा वर भरतो, म्हणजे माणूस पाय पसरून निजेल एवढा. एका लुगड्यात गोधडीचे चार थर निघत. दोन लुगडी आणि एखादं धोतर जमलं की थंडीला पुरेल अशी जाड गोधडी तयार. गोधडीचं माप आमच्याकडे असं लुगड्याने ठरवलं होतं, आणि म्हणूनच पुढे लुगडं गेलं तेव्हा गोधडीचंही सगळं गणित विस्कटलं.

कापड जुनं हवं, पण कुजलेलं नको. माझी मोठी आई लुगडं दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरायची. जिथे विरलेलं दिसे तो भाग आतल्या थरात, घट्ट भाग वर. काठ वेगळे कापून ठेवायचे. मोहाडी, आंधळगाव, पवनी हा कोष्ट्यांचा मुलूख. तिथल्या करवत काठी साड्यांचे काठ तीन धोट्यांनी विणतात आणि त्यांवर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. अशी कोशाची साडी घरात एखादीच असायची, तीही लग्नातली. अंगची साडी फाटून गेली तरी काठ शाबूत राहत. ते जपून ठेवायचे आणि लेकीच्या गोधडीला चारही बाजूंनी लावायचे. आमच्या घरातल्या एका गोधडीला अजून तसा काठ आहे. आतला पांढरा थर पिवळा पडला, वरचं हिरवं कापड बहुतेक ठिकाणी झिरझिरीत झालं, पण काठाचे दाते एकूण एक मोजता येतात.

शिवणं एकटीचं काम नव्हतं. ओसरी सारवून घ्यायची, ती वाळली की थर एकावर एक अंथरायचे, सुरकुती हाताने सारत बाहेर काढायची आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आधी लांबलांब कच्चे टाके, म्हणजे थर सरकत नाहीत. मग काठापासून आत शिवत जायचं. चौघी चार बाजूंना बसत आणि धावदोऱ्याने एकेक ओळ भरत मध्याकडे येत. ओळींत बोटभर अंतर. अंथरायची गोधडी असेल तर टाका थोडा मोठा चालायचा, लहान मुलाच्या गोधडीला नाही. मी लांब टाके घालू लागले की मोठी आई म्हणायची, "लहान टाका घाल वं, पोराचा पाय अटकते." त्या एका वाक्यात गोधडीचं सगळं शास्त्र आलं असं मला आजही वाटतं. टाका देखणा हवा म्हणून बारीक घालायचा नाही. अंगठा अडकून दोरा तुटू नये, म्हणून घालायचा.

धानाच्या मुलखात सवड कधी मिळते हे ठरलेलं आहे. पाऊस लागला की पऱ्हे, मग रोवणी, मग निंदण. दिवाळीच्या पुढेमागे कापणी, मग चुरणं. संक्रांत गेली की हात मोकळे. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जायचं आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला. म्हणून गोधडीचं काम उन्हाळ्यातल्या दुपारी व्हायचं, बाहेर ऊन रणरणत असताना आणि बाकी कुठलंच काम होण्यासारखं नसताना. शिवून झालेल्या गोधडीची गरज पडायची थेट दिवाळीनंतर, मंडईला.

मंडई म्हणजे काय ते भंडारा-गोंदियाच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी, जावई, मामा, सोयरे गावात येतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि ते पाहायला माणसं खाली तणस पसरून, वर गोधडी लपेटून बसतात. एका घरात तेव्हा वीस-पंचवीस माणसं निजायला असायची. पाहुण्याला फाटकी गोधडी देणं ही लाजेची गोष्ट. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी बायांच्या बोलण्यात मंडईला कोण कोण येणार याचीच मोजणी असे. परत निघालेल्या लेकीला चिन्नोर तांदळाच्या पायलीसोबत नवी शिवलेली गोधडी बांधून मिळे.

बाळंतविड्याची गोष्ट वेगळी. झबली, टोपडी, कुंची, दुपटी. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागावं, ही रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे आणि ती शहाणपणाची आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ नवं कापड कुठल्याच गिरणीतून येत नाही. खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो. आजीच्या लुगड्याचं दुपटं नातवाला, हा काही नुसता भावनेचा मामला नव्हता.

या काटकसरीला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, 1943 पासून सुती कापडावर सरकारी नियंत्रण आलं. त्या दिवसांत वाढलेल्या बाया पुढे आयुष्यभर चिंधीसुद्धा टाकून द्यायच्या नाहीत. आणि आमच्या विदर्भात तर चिंध्यांचं वस्त्र अंगावर घालून गावोगाव फिरणारा एक मोठा माणूस होऊन गेला. गाडगेबाबांना कुठे कुठे गोधडेबुवा म्हणत. 1956 साली ते गेले, तरी त्यांचं ठिगळांचं वस्त्र म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं येत राहिलं. ठिगळात कमीपणा नाही, घाणीत आहे, हे त्यांनी अंगावर घालून दाखवलं होतं. म्हणूनच आमच्याकडे गोधडी जुनी असली तरी चालायची, मळकी चालायची नाही. सोड्याच्या पाण्यात भिजवून, नदीवर नेऊन, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. ओली गोधडी एकटीला उचलत नाही.

मग 1980 चं दशक आलं. करडीच्या ओसरीवर बसून हा बदल दिसायला वेळ लागला, पण त्याच्या तारखा आता स्पष्ट सांगता येतात. 1982 साली पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. सुरतेच्या छापील साड्या तुमसरच्या, मोहाडीच्या दुकानांत भरल्या. स्वस्त, न विटणाऱ्या, इस्त्री न लागणाऱ्या. दिवसभर राबणाऱ्या बाईला अशी साडी हवीहवीशी वाटली, यात तिचं काय चुकलं? चिखलात भिजलेली सुती साडी वाळायला अख्खा दिवस घेते, ही तासाभरात वाळते. त्याच काळात नऊवारी जाऊन पाचवारी आली. साडेपाच मीटरच्या साडीत गोधडीचे दोनच थर बसतात, वर दीडेक मीटरचा तुकडा उरतो. तोही निसरडा. थर जागेवर राहत नाहीत, घाम शोषत नाहीत, आणि विडीची ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, हे कापड वितळून अंगाला चिकटतं.

दुसरा घाव भांडेवालीने घातला. जुनी सुती लुगडी आणि धोतरं देऊन स्टीलची भांडी मिळू लागली. ज्या घरात पितळी आणि जर्मनची भांडी होती तिथे स्टीलच्या डब्याचं अप्रूप मोठं. गोधडीसाठी राखलेली गाठोडी हळूहळू फडताळातल्या भांड्यांत बदलली. ती लुगडी आज कुठल्या तरी गॅरेजात यंत्रं पुसून संपली असतील. तिसरी गोष्ट पानिपतची ब्लँकेटं. परदेशातून येणारे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात, हा पानिपतचा मोठा धंदा. म्हणजे आमच्या चिंध्या आम्ही बाहेर घालवल्या आणि दुसऱ्यांच्या चिंध्या पैसे मोजून पांघरल्या. याची मला आजही चुटपुट लागते.

तरी हात थांबले नव्हते. त्या वीसेक वर्षांत मुली रुखवतासाठी वेगळंच काही करू लागल्या. लोकरीची तोरणं, मण्यांचे हंस, क्रोशाचे रुमाल, टीव्हीवर घालायची झालर, चौकटीत बसवलेलं भरतकामाचं 'सुस्वागतम्'. मेहनत त्यातही होती आणि मी तिला कमी लेखत नाही. पण त्यातलं बरंचसं लग्नाच्या मांडवात एकदा पाहिलं गेलं आणि नंतर ट्रंकेत गेलं. गोधडी रोज रात्री उलगडली जायची. संसाराला लागलेल्या लेकीला आईची आठवण देण्याचं काम तोरणाला तेवढं जमलं नाही.

पुढे बचत गट आले. 2011 पासून 'उमेद' अभियानाने राज्यभर त्यांची फळी उभी केली, आणि मुंबईच्या सरस प्रदर्शनात गावच्या बायांच्या हातच्या वस्तू मांडल्या जाऊ लागल्या. गोधडीही त्यात होती. शहरात तिला मागणी आली, जाणकारही मिळाले. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं, हे मोठंच काम झालं. जगातही हे घडलं आहे. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्यांच्या नाती-पणतींनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्या भिंतींवर टांगल्या गेल्या, 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्या बायांनीही सुरुवातीला शिवलं ते पोरांना थंडी वाजू नये म्हणून. नदीकाठ, कापूस, गरिबी, जुने कपडे. यात आम्हाला परकं काहीच नाही.

गोधडी विकून बाईच्या हातात पैसा येत असेल तर तो यावाच, आणि पुरेसा यावा. चौघींनी आठवडाभर दुपारी बसून शिवलेली गोधडी दोन हजारांना महाग म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने एकदा तासाची मजुरी काढून पाहावी. पण बाजाराला वेळ नसतो. मागणी वाढली की हाताऐवजी शिलाई मशीन चालतं, जुन्या कापडाऐवजी नवं छापील कापड येतं, आत सिंथेटिक कापूस भरला जातो. मशीनचा टाका थरांना आवळून धरतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताच्या धावदोऱ्यात थरांना श्वास घ्यायला जागा राहते, म्हणून ती धुतल्यावर आणखी मऊ पडते. हा फरक पाहून कळत नाही, एक रात्र पांघरून कळतो.

2020 सालाने आम्हाला पुन्हा एकदा या कामाकडे वळवलं. टाळेबंदीत शहरातून परतलेल्या सुना आणि लेकी घरात होत्या, बाहेर जायला बंदी होती, त्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर कितीतरी वर्षांनी चार बाजूंना चौघी बसल्या. त्याच वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावागावांत घरं पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर कुंपणांवर, बांधांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर अंथरुणं वाळत घातलेली मी पाहिली. मदत म्हणून ब्लँकेटं आली आणि ती हवीच होती. पण चिखल भरलेल्या जुन्या गोधड्या कुणी फेकून दिल्या नाहीत. पुन्हा पुन्हा धुतल्या, उसवलेल्या ओळी नव्याने भरल्या.

आज करडीत सहा फुटी गोधडी क्वचितच शिवली जाते. शिवलं जातं ते दुपटं. दोन सुती साड्यांत चार-पाच दुपटी होतात, एक बाई चार दुपारी बसून एक पुरं करते, आणि ते पुण्याला, हैदराबादला, अगदी अमेरिकेलाही पिशवीच्या कोपऱ्यात मावतं. माझ्या भाचीच्या मुलीचं दुपटं असंच गेलं. त्यात माझ्या आईचं पातळ आहे, भाचीच्या सासूबाईंची एक खादीची साडी आहे, आणि मधल्या थरात जावयांच्या वडिलांचं धोतर. दोन्ही घरचं कापड एका टाक्यात घ्यायचं हे सासूबाईंनीच सुचवलं, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या रीतीत पडलेली ही सगळ्यात चांगली भर आहे. पूर्वी गोधडी माहेराचीच असे. सासरचं कापड तिच्यात कुणी घालत नसे.

गोधडी लहान झाली म्हणून मी रडणार नाही. आठ मीटरचं लुगडं परत येणार नाही, आणि ते नेसून चिखलात रोवणी करायला मी कुणाला सांगणारही नाही. पण वाचकांकडे एक मागणं आहे. घरात आईची, सासूची, आजीची सुती साडी असेल तर ती भांड्यावर घालू नका. उजेडासमोर धरून पाहा, घट्ट भाग वेगळा काढा, खळ जाईपर्यंत धुवा. दोरा सुतीच घ्या, तान्ह्यासाठी असेल तर बटण, लेस, टिकल्या काही लावू नका आणि टाका लहान घाला. घरात शिवणारी म्हातारी असेल तर येत्या उन्हाळ्यातच तिच्या शेजारी बसून शिकून घ्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.