सुरनिसाच्या नजरेखालून

भोरचा राजवाडा पाहायला येणाऱ्याला संस्थानिक पंतसचिव ठाऊक असतात. ‘सचिव’ या पदाचे मूळ काम मात्र फारसे कुणी सांगत नाही. अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे जुना सुरनीस. राजपत्र रवाना होण्यापूर्वी ते वाचायचे आणि त्यातला अधिकउणा मजकूर शुद्ध करायचा, ही त्याची जबाबदारी. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तोंकडे होते. राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांच्या वंशजांनी १९४८च्या विलीनीकरणापर्यंत भोर सांभाळले.

परभाषेतला रूढ शब्दप्रयोग लेखी वाक्यात नीट कसा बसवायचा, हा प्रश्न आज इंग्रजीमुळे पडतो. वेल्ह्यातल्या राजगडावरून स्वराज्याचा कारभार चालत होता, तेव्हा तो फारशीमुळे पडत असे. शिवकाळातल्या पत्रांची सुरुवातच ‘अज रख्तखाने’ अशी. वर्षही अरबी शब्दांत: ‘सबा सबैन व अलफ’ म्हणजे सात, सत्तर आणि हजार, शुहूर सन १०७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७६-७७ येते.

वतनपत्राच्या शेवटाकडे एक ठरलेले वाक्य भेटते: तालीक घेऊन असल परतून दीजे. नक्कल ठेवून घ्या, मूळ कागद वतनदाराला परत द्या, कारण तोच त्याचा पुरावा. ‘तालीक’ आणि ‘असल’ बाहेरून आलेले, पण ‘घेऊन’ आणि ‘परतून’ अस्सल मराठी. उसने शब्द मराठी क्रियापदांच्या ताब्यात दिल्यामुळे वाक्य कुठेही अडखळत नाही. मला ही लेखनातली फार मोठी समज वाटते.

पत्राच्या तळाशी मात्र ‘मोर्तब सूद’. मोर्तब म्हणजे अखेरचा छोटा शिक्का. त्यापुढे कुणी अक्षर घुसडू नये यासाठी तो असे. ‘सूद’ हे फारशी ‘शुद’, म्हणजे ‘झाले’. क्रियापद आतच आहे, म्हणून त्यापुढे ‘झाले’ लिहिण्याची गरज नाही. ‘शिक्कामोर्तब’ला मात्र ‘झाले’ लागते, कारण तिथे नुसती नामे आहेत.

इंग्रजीत आपण नेमके इथेच घसरतो. ‘डिस्कस’मध्ये ‘विषयी’ आधीच असताना पुढे ‘अबाउट’ लिहितो. ‘रिटर्न’मध्ये ‘परत’ असताना ‘बॅक’ जोडतो. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी तर ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ हमखास येते. हवे असते ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. इथला ‘टु’ पुढच्या क्रियापदाचा नाही, तो ‘लुकिंग फॉरवर्ड’ला चिकटलेला आहे. शंका आली तर ‘टु’पुढे एखादे नाम ठेवून पाहावे: ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’. नाम बसले, म्हणजे त्या जागी क्रियापद आणायचे तर ‘इंग’ लावूनच आणायचे. भोर-वेल्ह्यातून पुण्याला अर्ज धाडणाऱ्या मुलामुलींना हे शाळेतच कुणीतरी उलगडून सांगायला हवे. नुसते पाठ करून ते टिकत नाही.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला आणि फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सुरनिसाचा सचिव झाला, पत्रांच्या आरंभी ‘स्वस्ति श्री’ आले. तरीही ‘मोर्तब सूद’ पुढे पेशवाईतल्या कागदांवरही उमटत राहिले.