पाणी राखणारे शैवाल

भीमेच्या काठच्या वढू बुद्रुक गावापासून समुद्र पुष्कळ दूर आहे. परंतु खारे पाणी तयार करून काचेच्या टाकीत सागरी मासे व प्रवाळ तेथेही पाळता येतील. अडचण आहे ती निराळीच. समुद्र अफाट आहे. टाकीतला मळ मात्र टाकीतच राहतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया हे विषारी द्रव्य बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही ते निर्माण होते. पाण्यातील सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. नायट्रेट तितके विषारी नसते. पण ते साचत जाते आणि प्रवाळांना बाधते.

म्हणून टाकीखाली निराळा कप्पा करून त्यात समुद्रशैवाल वाढवितात. पंपाच्या साहाय्याने टाकीतील पाणी त्यातून खेळते ठेवतात. दिव्याच्या प्रकाशात शैवाल पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून वाढते.

तथापि, शैवाल मळ नाहीसा करीत नाही. तो आपल्या अंगी साठविते. त्याची छाटणी केली नाही, तर ते दाटीत मरून कुजते व घेतलेले सारे पाण्याला परत देते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास जाळीवर शैवाल वाढवून ते नियमाने खरवडून काढण्याची पद्धत अवलंबिली, ती याचसाठी.

वढूचा शेतकरी चारा कापून नेतो, तेव्हा जमिनीचा कस त्या भाऱ्याबरोबर जातो. म्हणून तो पुन्हा खत घालतो. शेतात जी हानी, तोच टाकीत लाभ! मूठभर शैवाल काढले, की त्याने शोषलेला मळही बाहेर गेला. पाणी स्वच्छ राखण्याचे अर्धे काम शैवालाचे. उरलेले अर्धे आपल्या हातांचे.